सोळा अंश

ऐरोली, सेक्टर पाच, जिन्याखालची सहा बाय आठची जागा.
तिथे बाबा रोज दीडशे कपड्यांच्या घड्या घालतात.
कोळशाची इस्त्री गेली, विजेची आली,
हात तोच: आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ,
आणि शेवटी एक थाप,
जणू शर्टाला म्हणताहेत, जा आता.

बी.एस्सी. झाले आणि महाप्याच्या एका कंपनीत
धुण्याच्या पावडरी तपासायला लागले.
पांढऱ्या चिंध्यांवर रक्त, अंडं, दूध मुद्दाम सांडायचं,
धुवायचं, आणि किती उरलं ते मोजायचं.
पावडरीत मधेमधे निळे दाणे.
सुपरवायझर म्हणाला, एन्झाइम. हेच खातं डाग.
खातं म्हणजे कसं? तोंड कुठे असतं त्याला?
तो म्हणाला, मॅडम, रीडिंग लिहा.

दोन वर्षं लिहिली.

मुलाखतीला आईची मोरपंखी साडी नेसले.
तिने घडीसुद्धा मोडली नव्हती तिची, ती मी मोडली.
वर्तक मॅडमनी विचारलं, प्रथिनंच का?
पाठ केलेलं सगळं आठवत होतं, आणि तोंडून आलं,
"आमच्याकडे घड्या घालतात."
समोरचे एक जण हसले. मॅडम हसल्या नाहीत.
कागदावर काहीतरी लिहिलं. काय, ते अजून सांगितलेलं नाही.

आता खारघरच्या डोंगराखाली, तिसऱ्या मजल्यावर,
थंड पाण्यातही डाग खाईल असं एन्झाइम घडवते आहे.
म्हणजे दोनशे पंच्याहत्तर मण्यांची एक माळ घेते,
त्यातला एक मणी बदलते
आणि जिवाणूंना सांगते, ओवा.
ते ओवतात. पण भराभर.
सदतीस अंशांवर नुसता बोळा होतो,
नळीच्या तळाशी पांढरा, कशात न विरघळणारा,
दोरीवरून ओढून खुर्चीत फेकलेल्या धुण्यासारखा.
पहिलं वर्ष अख्खं बोळ्यांचं गेलं.
विद्यावेतन आठ महिने अडलं.
बाबा गल्ल्यातून पाचशेच्या नोटा काढून देत,
त्यांचीही घडी इतकी कडक
की उलगडायला लाज वाटे.

"बोळा कशाने होतो गं?"
घाईने. घडी बसायला वेळच मिळत नाही.
"मग आच कमी कर की. रेशमाला काय करतो आपण?"

हे पुस्तकात होतं. मॅडमही म्हणाल्या होत्या.
केलं मात्र त्या रात्री.
सोळा अंश. फ्लास्क रात्रभर हलत राहिले,
मी स्टुलावर बसून डुलक्या काढल्या.
दुसऱ्या दिवशी जेल निळ्या रंगात बुडवली,
मग रंग उतरवत गेले, पाण्यावर पाणी,
आणि हवी तिथेच एक पट्टी उरली,
गडद, कॉलरच्या आत गिऱ्हाइकाची खूण असते तशी.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो पाहिला.
"ही घडी घालतं कोण? तू?"
नाही.
"मशीन?"
नाही, बाबा. कोणीच नाही. ते आपलं आपण घालतं.

त्यांनी इस्त्री उभी ठेवली.
चाळीस वर्षांत असं एकही कापड भेटलं नव्हतं त्यांना.
बराच वेळ गप्प. मग जरा रागावूनच,
"आणि चुकलं तर?"

चुकलं तर पेशी मोडून टाकते.
नाहीतर साचत जातं. मेंदूतसुद्धा.
शेवटी शेवटी आबांचा हात थरथरायचा,
बटण धरता यायचं नाही.
दोघांनाही आठवलं. बोललो नाही.

पंधरा अंशांच्या पाण्यात माझं एन्झाइम
मूळच्यापेक्षा दीडपट चालतं.
दीडपट म्हणजे काहीच नाही, मॅडम म्हणतात.
काल बाबांनी कुणाचातरी लग्नातला सदरा पुढे केला,
छातीवर पिवळा ओघळ. "हे निघेल?"
हळद प्रथिन नाही, बाबा.
"मग शिकलीस काय इतकं," म्हणाले,
आणि माझा पांढरा कोट ओढून घेतला.
आधी कॉलर.